थर्मोस्टॅटचं झबलं

बाळाच्या खोलीतला थर्मामीटर अठरा अंश दाखवत होता आणि बाहेर पॅसेजच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट चोवीस. मध्ये फक्त एक दार, तेही उघडं. एवढ्याशा वाटेत सहा अंश कुठे सांडतात, हे इन्स्पेक्टरसाहेबांना दुपारच्या आत शोधून काढायचं होतं. दुपारी सिस्टर येणार होती.

सिस्टर परवाही येऊन गेली होती. हॉस्पिटलातून बाळ घरी सोडण्याआधी घर बघायचं हे तिचं काम. बाळ दिवस भरायच्या पुष्कळ आधी आलं होतं. काचेच्या पेटीत वाढून, वजन धरून आता वॉर्डातल्या साध्या पाळण्यात आलं होतं. बाकी सगळं ठीक होतं, फक्त घर गरम हवं होतं. खोली एकवीसच्या खाली जाता कामा नये, पाळण्याजवळ विजेचा हीटर चालणार नाही, असं सांगून तिनं थर्मामीटर पाहिला आणि "नाही" म्हणून चपला घातल्या. आजही नाही म्हणाली तर पुढची खेप पुढच्या आठवड्यात. तोवर लेकीनं रोज हॉस्पिटलात जायचं, भेटीची वेळ संपली की मुलीला तिथेच ठेवायचं आणि रिकाम्या हातांनी आईबापांच्या घरी परत यायचं. तिचं स्वतःचं घर लांब होतं आणि हे हॉस्पिटलपासून जवळ, म्हणून मुक्काम इथे.

"बाबा, काय म्हणतोय तो?" लेकीनं खोलीतून विचारलं. ती अंगात कोट घालूनच बसली होती.

"चोवीस."

"आणि इथे अठरा. खोटं बोलतोय मेला."

"यंत्र खोटं बोलत नाही. त्याला चुकीचं कळत असतं."

"मग त्याला खरं काय ते कळवा. सिस्टर यायच्या आत."

इन्स्पेक्टरसाहेब पोलिसातले नव्हेत, लिफ्टचे. उभं आयुष्य त्यांनी लिफ्ट तपासण्यात घालवलं. त्यांच्या सहीशिवाय शहरात कुणी वर जात नसे. जिन्यानं जाणाऱ्यांची जबाबदारी त्यांनी कधी घेतली नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला घर तेवढं उरलं. थंडी सुरू व्हायच्या आधी त्यांनी जुना थर्मोस्टॅट काढून नवा, आकड्यांचा, स्वतः बसवला होता. लेक म्हणाली होती, "बाबा, माणूस बोलवा." त्यावर "एक डबी भिंतीला लावायला माणूस?" असं ते हसले होते. ते हसणं आता घरात सगळ्यांच्या लक्षात होतं, पण तूर्त कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. यंत्राला हात लावण्याआधी त्याच्यावरचं सगळं उतरवायचं, आणि तपासणी झाली की जे जसं होतं तसं परत ठेवून मगच निघायचं. एका इमारतीत लिफ्टच्या मोटारीवर मांजर झोपलं होतं. साहेबांनी ते उचलून बाजूला ठेवलं, मोटार तपासली आणि मांजर परत होतं तिथे, होतं त्या कुशीवर ठेवून सही केली. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की मांजराचा रंगसुद्धा सगळ्यांना पाठ होता.

थर्मोस्टॅटवरही उतरवण्याजोगं काहीतरी होतं. त्याच्या अंगावर झबलं होतं.

इन्स्पेक्टरीणबाई विणायच्या. घरातली कुठलीही वस्तू उघडीबोडकी राहू नये हा त्यांचा कटाक्ष. टोस्टरला झबलं, रिमोटला झबलं, टॉर्चला झबलं. प्रत्येकाची दोन-दोन, एक अंगात, एक धुण्यात. लेकीला अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं तेव्हापासून तर त्यांचे हात थांबलेच नव्हते. बाळासाठी पहिलं टोपडं विणलं ते अंदाजानं. डोक्यावर ठेवून पाहिलं तर हनुवटीपर्यंत आलं. उरलेल्या पिवळ्या लोकरीचं काय करावं म्हणून त्यांनी गेल्या आठवड्यात थर्मोस्टॅटचं माप घेतलं.

"अगं, त्याला कशाला?" साहेबांनी विचारलं होतं.

"बाळ घरात यायचंय. आणि हा भिंतीवरून लाल आकडे वटारून बघणार. दचकेल ना ते!"

त्यामुळे आकडा बघायचा तर झबल्याचा काठ उचलून बघावा लागे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्या घरात काहीही बघायचं तर आधी काठ उचलावा लागे.

साहेबांनी झबलं उतरवून खांद्यावर टाकलं. डबी उघडली. सेल नवे होते. वायरी घट्ट होत्या. फुंकर मारून धूळ उडवली. धूळही फारशी नव्हती. एवढं होईपर्यंत आकडा चोवीसवरून बावीस, बावीसवरून वीस असा खाली आला. टक् असा आवाज झाला, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात बॉयलर एकदा गुरगुरून पेटला.

"सुरू झाला!" लेक दारात आली. "काय केलंत?"

"काही नाही."

"काही न करता सुरू झाला?"

"बऱ्याच लिफ्टचं असंच असतं. इन्स्पेक्टर दिसला की सरळ येतात." साहेबांनी डबी बंद केली, झबलं परत चढवलं, इलॅस्टिक चारी बाजूंनी नीट बसलंय ना बघितलं आणि समाधानानं स्वयंपाकघरात जाऊन बसले.

चहा कपात ओतेपर्यंत बॉयलर विझला.

साहेबांनी काठ उचलला. चोवीस. त्यांनी हवं ते तापमान वाढवून अठ्ठावीसवर नेलं. बॉयलर पेटला, आकडा भराभर चढला, अठ्ठावीसला पोचला, बॉयलर विझला. बाळाच्या खोलीतला अठरा जागचा हलला नाही. एक यंत्र आपल्याच मनानं उन्हाळ्यात गेलं होतं आणि बाकीचं घर मागे हिवाळ्यात राहिलं होतं.

त्यांनी बॉयलर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"बॉयलर चालू होतो आणि बंद होतो," साहेब म्हणाले.

"तेच त्याचं काम आहे, साहेब."

"वेळेआधी बंद होतो."

"थर्मोस्टॅट कुणी बसवलाय?"

साहेबांनी लेकीच्या खोलीकडे पाठ केली. "बसवलाय एकानं."

"मग आधी त्या एकाला विचारा. मी सोमवारी येतो."

"अहो, आज सिस्टर येणार आहे!"

"तिला बॉयलरमधलं कळतं का?"

"नाही."

"मग सोमवारी."

पाठ केली म्हणून कान बंद होत नाहीत. लेक पाळण्याजवळ बसून धुतलेल्या लंगोटांच्या घड्या मोडून परत घालत होती. तिचे हात थांबले.

"सोमवार?"

"तो म्हणतो सोमवार. मी बघतो ना—"

"तुम्हीच बघितलंत, बाबा! मी सांगत होते, माणूस बोलवा, माणूस बोलवा. तुमची हौस! तुमच्या हौसेपायी माझी मुलगी तिथे पडलीये. काल मी निघाले तेव्हा तिनं माझं बोट धरलं होतं. मी ते सोडवून आले. तुम्हाला माहितीये ते कसं सोडवतात?"

साहेबांना माहीत नव्हतं. नोकरीत त्यांनी पुष्कळ लिफ्ट बंद पाडल्या होत्या. एका वाक्यात स्वतः बंद पडायची ही पहिलीच वेळ. ते पॅसेजमध्ये येऊन भिंतीसमोर उभे राहिले. मागून बाई आल्या, हातात सुया आणि पिवळी लोकर.

"बोलू द्या तिला. ती काही तुम्हाला नाही बोलत."

"मग कुणाला?"

"तुम्हालाच. पण मनावर घेऊ नका."

नव्या टोपड्याची ओळ बाई तिसऱ्यांदा उसवत होत्या. माप चुकतंय असं त्यांना वाटत होतं. खरं तर त्यांची झोपच झालेली नव्हती.

भिंतीतल्या दोन वायरी सरळ एकमेकींना जोडून टाकल्या तर बॉयलर अखंड चालेल, असा एक विचार साहेबांच्या मनात येऊन गेला. असल्याच जोडलेल्या वायरी बघून त्यांनी आयुष्यभर लिफ्टना सील ठोकलं होतं. ज्या घरात नात यायची तिथे तेच करायचं? त्यांनी तो विचार झटकला आणि झबलं दुसऱ्यांदा उतरवलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जावई. तो हॉस्पिटलात बाळाजवळ होता.

"बाबा, इथे विचारतायत, बाळाला तयार करू का? मी गाडी दाराशीच लावलीये. मघाशी एकानं हलवा म्हणून सांगितलं, मी म्हटलं, हलवतो. हलवली नाही."

"थांबा जरा."

"किती थांबू? म्हणजे घाई नाहीये. पण ही जागी झालीये, आणि मला वाटतं माझ्याकडे बघून हसली. वॉर्डातली बाई म्हणते गॅस आहे. गॅस आणि हसू यात फरक असतो ना, बाबा?"

जावयाला काळजी वाटली की तो बोलत सुटत असे, आणि आज त्याला फार काळजी वाटत होती. साहेब "हं, हं" करत उभे राहिले. बाळ कसं जांभई देतं, जांभईनंतर कसं स्वतःच दचकतं, हे सगळं झालं. फोन ठेवताना साहेबांच्या लक्षात आलं की कपाटातली गुरगुर अजून चालू आहे. बॉयलर विझला नव्हता. खोलीत डोकावले, तर थर्मामीटर अठराच्या वर सरकला होता.

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. मुठीत पिवळं झबलं होतं. फोनच्या नादात परत घालायचं राहून गेलं होतं.

साहेबांनी झबलं थर्मोस्टॅटवर नुसतं टेकवून धरलं. एकोणीस. वीस. बावीस. काढलं. आकडा उतरला. टेकवलं. चढला. मग त्यांनी डबीच भिंतीवरून सरकवली. मागे वायरीसाठी पाडलेलं भोक होतं. वायर काडीएवढी आणि भोक अंगठ्याएवढं. त्यांनी भोकासमोर बोट धरलं. भिंत ऊन श्वास सोडत होती. आतून बॉयलरचा तापलेला पाइप वर जात होता.

म्हणजे असं होतं. भोकातून गरम हवा यायची आणि लोकरीच्या आत अडकून बसायची. थर्मोस्टॅट त्या उबेत सुखानं म्हणायचा, घर तापलं, आता पुरे. नुसतं भोक असतं तर ती हवा पॅसेजमध्ये विरून गेली असती. नुसतं झबलं असतं तर त्यात तापायला काही नव्हतं. भोक नवऱ्याचं, झबलं बायकोचं. वेगवेगळी असती तर दोन्ही निरुपद्रवी. संसारातल्या पुष्कळ गोष्टींचं असं असतं.

आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "एक सुलट, दोन उलट, एक सुलट..." स्वतःशीच. साहेबांनी त्या आवाजाकडे पाहिलं, झबल्याकडे पाहिलं, आणि झबलं खिशात कोंबलं. भोकाचं सांगायचं. झबल्याचं कशाला सांगायचं?

दारावरची बेल वाजली.

सिस्टर आत आली ती थेट बाळाच्या खोलीत. "काय आजोबा, आज काय म्हणतंय हवामान?" साहेबांना कुणी आजोबा म्हणायची अजून सवय नव्हती, त्यांनी मागे वळून बघितलं. सिस्टरनं स्वतःचा थर्मामीटर पाळण्यात ठेवला. लेक उभी राहिली. बाई सुया धरून दारात.

"एकोणीस," सिस्टर म्हणाली.

"चढतोय," साहेब म्हणाले.

"परवाही हेच म्हणालात."

"परवा अंदाज होता. आज कारण सापडलंय. थर्मोस्टॅटमागे भिंतीला नको एवढं मोठं भोक आहे." ते जरा थांबले. "मी पाडलेलं."

लेकीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. सिस्टरनं थर्मामीटर उचलून पिशवीत टाकला.

"पलीकडच्या गल्लीत मला एक घर बघायचंय. जाताना परत डोकावते. तेव्हा जो आकडा असेल तो. उगाच हातापाया पडू नका, मला वरून विचारतात."

ती गेली. साहेब अंगणातल्या खोपटात धावले. खिडकीच्या काचा बसवायची लांबी तिथे एका डब्यात होती. डब्याचं झाकण उघडेना, उघडलं तर वरची लांबी दगड झालेली. स्क्रूड्रायव्हरनं खोदून खोदून तळातून जराशी मऊ लांबी निघाली. ती बोटांत मळत ते घरात आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले.

कपाट गप्प होतं. बॉयलर विझला होता.

पॅसेजच्या भिंतीवर पिवळं झबलं होतं.

साहेबांनी खिशात हात घातला. खिशातही पिवळं झबलं होतं. साहेबांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, पण क्षणभर तोही पर्याय त्यांना सोयीचा वाटला. मग आठवलं. एक अंगात, एक धुण्यात.

"काय बाई हे घर!" बाई इलॅस्टिक नीट करत होत्या. "सिस्टर परत येणार, आणि हा उघडाच! पहिलं कुठे नाहीसं झालं कोण जाणे. म्हणून इस्त्रीचं काढून घातलं."

"बाबा!" लेक खोलीतून धावत आली. तिचा आवाज चिरकला. "परत बंद पडला! साडेएकोणीसला होता, तिथेच थांबलाय. बाबा, ती येईल आता!"

लपवून चालणार नव्हतं. साहेबांनी खिशातून पहिलं झबलं काढून पुढे धरलं.

"अगं, ते काढ."

"का?"

"ते घातलं की बॉयलर विझतो."

आणि त्यांनी सांगितलं. पाइप, भोक, लोकर, सगळं. घाईत सांगितलं, तरी बाईंना पहिल्याच वाक्यात कळलं होतं. भिंतीवरचं झबलं त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवलं आणि साहेबांच्या हातातल्यासकट छातीशी धरलं.

"म्हणजे मी विणलं म्हणून ती तिकडे..."

"माझं भोक नसतं तर तुझं झबलं नुसतं झबलं असतं."

"आणि तुम्हाला आठवडाभर कळलं नाही?"

"कसं कळणार? तपासताना दर वेळी मीच काढत होतो. यंत्र ठीक चालायचं. मग मीच परत घालत होतो."

"परत का घालत होता?"

"नियम आहे," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

लेक दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"मांजर."

"काय?"

"मोटारीवरचं मांजर, बाबा! तुम्ही मांजर परत ठेवत होतात!" आणि ती भिंतीला टेकून हसायला लागली. बऱ्याच आठवड्यांचं साठलेलं हसू ते. अर्ध्यावर आल्यावर त्याचं रडू झालं. बाईंनी तिला धरलं. दोन्ही झबली दोघींच्या मध्ये चुरगळली.

टक् झालं. कपाटात बॉयलर गुरगुरला.

साहेबांनी भोकात लांबी भरली, अंगठ्यानं दाबली, डबी परत बसवली आणि अठ्ठावीसवर नेलेलं तापमान पूर्वीच्या आकड्यावर आणलं. मग तिघं पाळण्याभोवती उभी राहिली. बॉयलरची गुरगुर जरा हलकी झाली की तिघांच्या माना एकदम स्वयंपाकघराकडे वळायच्या. रेडिएटर कुरकुरत तापत होता. लेकीनं कोट काढला, मग अपशकुन नको म्हणून परत घातला. वीस झाले तेव्हा बाईंनी नवऱ्याचा दंड धरला. तो त्यांनी बेल वाजेपर्यंत सोडला नाही.

सिस्टरनं आल्या आल्या थर्मामीटर पाळण्यात ठेवला आणि थोड्या वेळानं वाकून बघितलं.

"वीस पॉइंट आठ."

लेक पाळण्यावर वाकून तोच आकडा पुन्हा वाचू लागली.

"नियम एकवीसचा आहे," ती म्हणाली. लेकीनं पाळण्याचा कठडा घट्ट पकडला. "पण हा चढता आठ आहे की उतरता आठ, हे मला बघावं लागेल." आणि तिनं खुर्ची ओढली, पिशवी मांडीवर घेतली आणि बसली.

वीस पॉइंट नऊ. बॉयलर गुरगुरत होता. साहेब ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. देवाला की बॉयलरला, ते त्यांनाच ठाऊक. एकवीस. सिस्टर हलली नाही. लेकीनं तिच्याकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं. एकवीस पॉइंट एक. एकवीस पॉइंट दोन.

"हं," सिस्टर उठली. "एकवीसला टेकून बसणारा नको होता मला. आणा बाळाला."

लेक फोनसाठी कोटाचे खिसे चाचपू लागली. सिस्टरची नजर बाईंच्या हातांतल्या पिवळ्या झबल्यांवर गेली.

"हे काय आजी, दोन-दोन?"

साहेबांनी खाली बघितलं. बाई एकदाच घुटमळल्या.

"टोपडी आहेत. एक अंगात, एक धुण्यात."

सिस्टरनं त्यातलं एक घेतलं, मुठीवर चढवून ताणून बघितलं. "माप अगदी बरोबर आहे हो! नाहीतर सगळ्या आज्या कलिंगडाच्या मापानं विणतात. इलॅस्टिक तेवढं काढा, कपाळाला वळ उठेल." आणि पुढच्या घराची वेळ झाली म्हणून ती निघाली.

लेक फोनवर जावयाला सांगत होती, "घाल तिला कपडे. हो, आत्ता. हो रे, खरंच. बाबांनीच दुरुस्त केलं... काय झालं होतं? घरी ये, मग सांगते. मोठी गोष्ट आहे. मांजरापासून सुरू होते."

बाई खिडकीशी बसून दोन्ही टोपड्यांची इलॅस्टिक उसवू लागल्या. मधूनच त्यांनी पॅसेजकडे बघितलं. भिंतीवर थर्मोस्टॅट लाल आकडे वटारून उघडाच उभा होता.

"बाळ दचकणार ते दचकणारच," त्या म्हणाल्या.

"नाही दचकणार. ती आत येईपर्यंत मी असा आडवा उभा राहतो." साहेब थर्मोस्टॅटसमोर पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले. आयुष्यभर लिफ्टच्या दाराशी राहायचे तसे.

थोडा वेळ गेला. बाईंनी कपाटाकडे कान दिला. गुरगुर थांबली होती. त्यांची सुई हवेतच राहिली.

"अहो, सरका तिथून," त्या म्हणाल्या. "तुमची ऊब लागतेय त्याला."